दार क्रमांक ६२१४

“दारं चौदा आणि मालक तेरा! चौदाव्याला काय आईबाप नाहीत?”

हे तो चहाच्या मशीनला म्हणाला, कारण सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता तिथे दुसरं कोणी नव्हतं. त्याच्या एका हातात छापील कागद होता, दुसऱ्या हातात चिकटपट्टी होती आणि तळपायाची आग मस्तकात पोचलेली होती.

ऑफिसात त्याला कडीकोयंडा म्हणत. हे ऑफिस म्हणजे कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवणारी एक लॅब होती. शहरभरचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं स्कॅन पाठवत, ते सर्व्हरवर येई, तिथून आतल्या खोलीतल्या कोरीवकामाच्या मशीनकडे जाई आणि दोन दिवसांनी डबीतून दात बाहेर पडत. हा सर्व्हर सांभाळणं हे कडीकोयंड्याचं काम होतं. सांभाळणं म्हणजे बंद ठेवणं, असा त्याचा नऊ वर्षांचा सिद्धांत होता. रिसेप्शनवरच्या ताईंनी एकदा प्रिंटर चालत नसल्याची तक्रार केली, तेव्हा “चालत नाही ना? मग त्यातून काही चोरीलाही जाणार नाही,” असं उत्तर त्याने दिलं होतं. नाव तेव्हापासूनचं.

आजच्या रागाचं कारण एक पत्र होतं. एका मोठ्या हॉस्पिटलने लॅबला काम द्यायचं ठरवलं होतं आणि त्याआधी आपल्या तपासनिसाला कामाला लावलं होतं. तपासनिसाने विचारलं होतं: आपल्या सर्व्हरची कोणकोणती दारं उघडी आहेत, प्रत्येक दारामागे कोण बसलं आहे आणि त्याला जबाबदार कोण, ते शुक्रवारपर्यंत कळवावे.

“मला विचारतात! मला!” तो आदल्या आठवड्यात बायकोसमोर कडाडला होता. “नऊ वर्षांत माशी शिरू दिली नाही मी आत!”

“मग सोपं आहे की. लिहून टाक,” बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती. लोक तोंड उघडून गप्प बसतात, याची तिला सवय होती.

पण ते सोपं नव्हतं. दार म्हणजे काही लाकडाचं दार नव्हे. सर्व्हरला पासष्ट हजारांवर नंबरवारी दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक बंदच असतात. काहींच्या आत एखादा प्रोग्रॅम कान देऊन बसलेला असतो; बाहेरून हाक आली की ओ द्यायची, एवढंच त्याचं काम. सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्सला ‘एसएस’ असा दोन अक्षरी हुकूम सोडला की तो सगळ्यांची यादी पडद्यावर ओततो. कान देऊन बसलेल्यापुढे ‘लिसन’ लिहिलेलं असतं, बोलणं चालू असेल तिथे ‘एस्टॅब्लिश्ड’, आणि बोलणं संपूनही ‘बरं, येते हं’ म्हणत कोणी दारातच रेंगाळत असेल तिथे ‘टाइम-वेट’.

त्याने आधी रागाच्या भरात सगळीच यादी छापून लावली होती. दोनशे बारा ओळी. वर ठळक अक्षरांत: जबाबदार व्यक्तीने सही करावी. ताईंना वाटलं, आपणही काहीतरी जबाबदारी घ्यायला हवी. त्यांनी एका टाइम-वेटवाल्या ओळीसमोर सुवाच्य सही केली. दुपारी ताजी यादी लागली, तर ती ओळच गायब.

“माझी ओळ कुठे गेली?” ताई रडकुंडीला आल्या. “मी काही केलं नाही हो. नुसती सही केली.”

“ती मिनिटभरात जातेच, ताई. जाण्यासाठीच असते ती.”

“मग सही कशाला घेतलीत?”

यावर तो आणखी चिडला. मग त्याने रेंगाळणारे आणि बोलणारे वगळून फक्त कान देऊन बसलेल्यांची यादी काढली. त्या झाल्या चौदा ओळी. तेरा ओळींसमोर सह्या पडल्या, त्यातल्या नऊ त्याच्या स्वतःच्याच. उरली चौदावी, दार क्रमांक ६२१४. आत ‘आरएक्स२’ नावाचं कोणीतरी चार वर्षांपासून बसलेलं होतं. कोणी बसवलं, कशाला बसवलं, कुठेही नोंद नव्हती. त्याने पाच मिनिटं पाळत ठेवली. तेवढ्यात त्या दाराशी एक चिटपाखरूही फिरकलं नाही.

“फुकट्या!” तो म्हणाला आणि त्याने भिंतीवर नवा कागद चिकटवला. खाली लाल शाईत लिहिलं: आज संध्याकाळी पाचपर्यंत सही नसलेले दार बेवारस समजून बंद करण्यात येईल. सबब ऐकून घेतली जाणार नाही.

अकरा वाजता आतल्या खोलीतून मेणकाका चहाला आले. हे लॅबचे सगळ्यात जुने कारागीर. कोरीवकामाचं मशीन यायच्या आधी सगळ्या कवळ्या ते मेणाचे साचे करून हाताने बनवत, आणि आता त्या मशीनची देखभाल करत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागदाकडे पाठ केली, भिंतीला टेकून चहा संपवला आणि गेले. कडीकोयंड्याने हे आपल्या टेबलावरून डोळ्यांनी पाहिलं. विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. कागद लावल्यावर पुन्हा तोंडाने विचारायचं, तर कागदाला काय अर्थ राहिला?

पाच वाजून एका मिनिटाने त्याने बोटं मोडली. दार बंद करायच्या दोन तऱ्हा असतात. एकीत हाक मारणाऱ्याला ‘इथे कोणी नाही’ असं स्पष्ट सांगितलं जातं आणि तो बिचारा परत जातो. दुसरीत काहीच सांगितलं जात नाही. तो आपला हाका मारत उभा राहतो. ज्याने सही केली नाही त्याच्या पाहुण्यांचे एवढे लाड कशाला? त्याने दुसरी तऱ्हा निवडली. गंमत म्हणजे बाहेर अशी भिंत बांधल्यावरही यादीत ६२१४ समोर ‘लिसन’च दिसत होतं. आत आरएक्स२ तसाच कान लावून बसला होता. हाक तेवढी त्याच्यापर्यंत पोचणार नव्हती.

“बस आता,” कडीकोयंडा त्याला म्हणाला आणि घरी गेला.

घरी वेगळंच संकट चाललं होतं. त्याचे वडील अण्णा एकतीस वर्षं बसस्थानकाच्या लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारत असत. त्यांचा आवाज न ऐकता त्या शहरातून कोणी कुठे गेलं नव्हतं. आता ते जुनं बसस्थानक पाडायचं होतं. शनिवारी चार वाजता तिथून शेवटची गाडी सुटणार होती आणि ती पुकारायला अण्णांना मानाने बोलावलं होतं. अण्णा महिनाभर आरशासमोर सराव करत होते. आणि रविवारी सकाळी घासताना त्यांची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले.

“जाऊ दे अण्णा, बारा वर्षांची झाली होती ती. फेकून द्या,” सून म्हणाली होती. “उद्याच तोंडाचं स्कॅन घेते. बुधवारी नवी कवळी तोंडात.”

दातांशिवाय अण्णांचा आवाज चाक पंक्चर झाल्यासारखा यायचा. ज्या तोंडाने फलाट पुकारले त्या तोंडाने असं बोलायचं नाही, म्हणून त्यांनी मौन धरलं आणि कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. सोमवारी रात्रीच्या जेवणाला मुलाच्या ताटाशेजारी पहिली चिठ्ठी आली: ‘सूचना. दात कधी?’

“हिने सहा वाजता स्कॅन पाठवलंय, अण्णा. आमच्या लॅबमध्ये दोन दिवसांत काम होतं. उगाच नाही नऊ वर्षं काढली तिथे.”

मंगळवार गेला. बुधवारी चिठ्ठी आली: ‘पुन्हा सूचना. दात कधी?’

बायकोने बुधवारी सकाळी आणि संध्याकाळी स्कॅन पुन्हा पाठवलं होतं. गुरुवारी तिने लॅबला फोन केला. ताईंनी आत विचारून सांगितलं, की मॅडम, तुमच्याकडून या आठवड्यात काहीच आलेलं नाही.

“म्हणजे तू पाठवलेलं नाहीस,” कडीकोयंडा म्हणाला.

“तीनदा पाठवलंय.”

“आलं नाही म्हणजे पाठवलं नाही. सरळ हिशेब आहे. बाकीच्या डॉक्टरांची कामं येतायत की! ते सगळे वेबसाइटवर चढवतात. तुलाच तेवढं त्या नव्या स्कॅनरचं कौतुक. त्याचं एक बटण दाबलं की थेट मशीनकडे जातं म्हणे. जातं कुठे ते कोणाला ठाऊक!”

“तो स्कॅनर तुमच्याच लॅबने गळ्यात मारलाय!”

“लॅबला मध्ये आणू नकोस!”

“मग बापाला मध्ये आण! शनिवारी तो माणूस मायक्रोफोनसमोर उभा राहणार आहे आणि त्याच्या तोंडात दात नाहीत. तुझ्या लॅबची इभ्रत नंतर बघू.”

अण्णांनी दोघांच्या मध्ये कॅलेंडरचं पान सरकवलं. ‘शेवटची सूचना,’ एवढंच त्यावर होतं. दात कधी, हे त्यांनी या वेळी विचारलंही नव्हतं. ते मऊ भाताचं ताट अर्धं टाकून उठून गेले.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता कडीकोयंडा दातओठ खात बायकोच्या दवाखान्यात शिरला. खुर्चीत एक गृहस्थ तोंडात कापसाचे बोळे घेऊन आ वासून पडले होते.

“आता माझ्यासमोर पाठव,” तो म्हणाला. “बघू दे, कुठे घोडं पेंड खातंय.”

“पेशंट आहे.”

“आं आं,” पेशंट म्हणाला. त्याची काही हरकत दिसली नाही.

तिने चौथ्यांदा बटण दाबलं. पडद्यावर ‘पाठवत आहे’ असं आलं आणि तिथेच राहिलं. कडीकोयंड्याने तिला बाजूला सारलं, तिच्या संगणकावरही दारांची यादी काढली आणि एका ओळीवर बोट टेकलं.

“हे बघ. ‘सिन-सेंट’. म्हणजे तुझ्या बाजूने हाक गेली आहे. मान्य. पण पलीकडून ओ येत नाही.”

“येत नाही म्हणजे नाही म्हणतात?”

“नाही म्हणाले असते तर एका क्षणात कळलं असतं. हे काहीच बोलत नाहीत. निर्लज्जपणाची कमाल आहे! माणूस दाराशी उभा राहून चार दिवस हाका मारतोय आणि आतला हूं की चूं करत नाही. एक तर पलीकडचं मशीन मेलंय, नाहीतर कोणा अतिशहाण्याने मुद्दाम भिंत बांधली आहे. असल्या माणसाला ना कामावर ठेवायला नको! नावानिशी तक्रार करतो मी. बघू, पत्ता काय आहे. हा तर आमच्याच… आणि दार क्रमांक सहा… हजार…”

तो थांबला. कापूस घेतलेल्या गृहस्थांनी मान वळवली.

“काय रे?” बायकोने विचारलं. “पलीकडे कोण आहे?”

कडीकोयंड्याने पडद्यावरचे आकडे पुन्हा एकेक करून बोटाने वाचले.

“पलीकडे कोण आहे, विचारतेय मी.”

“मी,” तो म्हणाला.

पेशंट तोंडातल्या बोळ्यांसकट हसला. बायकोला मात्र हसू आलं नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि हातमोजे काढले. “तू हो पुढे. मी यांना मोकळं करून अण्णांना घेऊन येते,” ती म्हणाली. तिचं एवढ्या शांतपणे बोलणं त्याला अजिबात आवडलं नाही.

लॅबमध्ये पोचल्या पोचल्या त्याने भिंत पाडली. आठ सेकंदांचं काम. पडद्यावर ६२१४ समोर एकामागून एक ‘एस्टॅब्लिश्ड’ उमटायला लागलं. नवा स्कॅनर घेतलेले सहा दवाखाने होते, आणि त्यांची चार दिवसांची तुंबलेली कामं धो धो आत आली. एकूण सव्वीस. कडीकोयंडा आतल्या खोलीकडे धावला. ती खोली त्याच्या टेबलापासून बारा पावलांवर होती आणि तो तिथे वर्षातून एकदा जायचा.

कोरीवकामाचं मशीन घरघरत होतं. त्याच्या पांढऱ्या झाकणावर, बोटभर जाड निळ्या अक्षरांत, कोणीतरी मार्करने लिहून ठेवलं होतं: थेट पाठवण्यासाठी ६२१४.

“हे… हे कधीपासून लिहिलंय इथे?”

“चार वर्षं झाली,” मेणकाका म्हणाले. “मशीन बसवायला आला होता तो कंपनीचा माणूस, त्यानेच लिहिलं. म्हणाला, कोणी विचारलं तर सांगा.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“विचारलं कोणी?”

“अहो, मी कागद लावला होता! चहापाशी! लाल शाईत!”

“तो होय. मला वाटलं तुमचं नेहमीचं काहीतरी असेल. मागच्या खेपेला ताईंनी सही केली, तर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या कशा मारायच्या, हे कडीकोयंड्याला ठाऊक होतं, पण आत्ता त्याला वेळ नव्हता. “काका, आमच्या अण्णांचं काम पहिल्यांदा लावा. उद्या चार वाजता हवंय.”

मेणकाकांनी मशीनच्या पडद्यावर रांग पाहिली. “सतराव्या नंबरावर आहे. मंगळवारी होईल.”

“मंगळवारी? माझे वडील आहेत ते!”

“वरचे सोळा काय अनाथ आहेत? चार दिवस तेही बिनदाताचे बसलेत, साहेब. कोणामुळे ते मी म्हणत नाही. आमच्याकडे ज्याची हाक आधी पोचली त्याचं काम आधी होतं.”

तेवढ्यात बायको अण्णांना घेऊन आली. अण्णांनी पांढरा शर्ट घातला होता, जणू शनिवार आजच आहे. सुनेने वाटेत त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण त्यांनी आल्या आल्या खिशातून कॅलेंडरचं पान आणि पेन काढलं, मशीनच्या झाकणावर ठेवून लिहिलं आणि मुलाच्या नाकासमोर धरलं.

‘बंद करण्याआधी किती वेळा पुकारलंस?’

“कागद लावला होता, अण्णा. दिवसभर होता भिंतीवर. नियमाप्रमाणे…”

अण्णांचं मौन तिथे तुटलं. शब्दांतून वारा जात होता, तरी एकतीस वर्षांचा आवाज तो. ताई रिसेप्शनवरून उठून बघायला आल्या.

“कागद? अरे, बसचं वेळापत्रकसुद्धा भिंतीवर असतं! तरी आम्ही तीनदा पुकारायचो. पहिली सूचना, दुसरी सूचना, शेवटची सूचना. आणि त्यानंतरही एखादी जागा रिकामी दिसली की कंडक्टर खाली उतरून बाकांवर बघून यायचा, कोणी झोपलंय का, कोणाला ऐकू येत नाही का. एकतीस वर्षांत एक म्हातारी सुटू दिली नाही मी. आणि तू, बारा पावलं चालून ‘काका, हे तुमचं का’ एवढं विचारलं नाहीस?”

कडीकोयंड्याला रागाने रडू येईल असं वाटलं. राग कोणावर काढायचा हेच कळेना, हे त्याच्या बाबतीत प्रथमच घडत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. “चुकलो,” तो म्हणाला. “अण्णा, चुकलो. पण आता काय करू सांगा. तुम्ही उद्या… तुमचा कार्यक्रम…”

अण्णांनी हातातल्या पानाची घडी करून ते खिशात ठेवलं. मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “दुसऱ्या कोणाला तरी पुकारू दे.” हे त्यांच्या तोंडून ऐकणं कोणालाच सहन होईना. सून खिडकीबाहेर बघायला लागली.

मेणकाकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “जुनी कवळी कुठाय तुमची?”

“ती तर टाकली,” सून म्हणाली. “दोन तुकडे झाले होते.”

अण्णांनी शर्टाच्या वरच्या खिशात बोटं घातली आणि रुमालाची पुरचुंडी बाहेर काढली. आत दोन गुलाबी तुकडे होते, धुऊन पुसून ठेवलेले.

“अण्णा! खिशात घेऊन फिरताय तुम्ही?”

“तू फेकून दे म्हणालीस. मला कुठे फेकायची होती? पण मला विचारलं कोणी?”

मेणकाकांनी तुकडे उजेडात धरून एकमेकांना लावून पाहिले. “कड साफ तुटलीये. जुळेल. तासाभराचं काम आहे. महिनादोन महिने चालेल आरामात.”

“तासाभराचं?” कडीकोयंडा ओरडलाच. “मग सोमवारपासून गप्प का बसलात?”

यावर मेणकाका आणि अण्णा या दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की जुनी ओळख असावी. मेणकाकांनी खणातून गुलाबी पूड आणि बाटली काढली, अण्णांना स्टूल दिलं, आणि कडीकोयंड्याला सांगितलं की उजेड अडतोय, बाजूला व्हा.

शनिवारी बसस्थानकावर एवढी गर्दी झाली, की शेवटच्या गाडीत बसायला आलेल्यांपेक्षा तिला निरोप द्यायला आलेले जास्त होते. अण्णांनी काचेच्या खोलीत बसून माइकवर दोनदा टिचकी मारली आणि पुकारलं. प्रत्येक अक्षर टाकीच्या घावासारखं स्वच्छ होतं. पहिली सूचना झाली, दुसरी झाली. शेवटची सूचना देऊन झाल्यावर ते थांबले, माइकवर हात ठेवला आणि काचेतून मुलाला खूण केली. कडीकोयंडा निमूटपणे सगळ्या फलाटांवरून फिरून आला. मागच्या बाकावर एक आजी खरोखरच झोपल्या होत्या. त्यांना गाडीत बसवल्यावरच अण्णांनी गाडी सोडली. घरी परतताना ते वाटभर बोलत होते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माणूस सुधारतो म्हणजे किती सुधारतो, हाही एक प्रश्न असतोच.

सोमवारी, शुक्रवारची मुदत उलटून गेल्यावर, कडीकोयंड्याने तपासनिसाला उत्तर धाडलं. त्यात चौदाव्या दारापुढे मेणकाकांची सही होती, आणि ती त्याने स्वतः बारा पावलं चालून घेतली होती. त्या बारा पावलांचा त्याला इतका अभिमान वाटला, की तो चार जणांना सांगत सुटला. बुधवारी सकाळी अण्णांची जोडलेली कवळी किंचित हलायला लागल्याची बातमी घेऊन तो पुन्हा आतल्या खोलीत गेला.

“काका, आमची नवी कवळी झाली का? मंगळवारी म्हणाला होतात.”

“झाल्या की. काल दुपारीच.”

“झाल्या?”

“चार. तुमच्या मिसेसने चारदा पाठवलं होतं ना? दार उघडल्यावर चारही आत आली. मशीनला काय, जेवढी आली तेवढी कोरली त्याने.”

“चार!” कडीकोयंडा कपाळाला हात लावून म्हणाला. “बरं. द्या इकडे. कुठे आहेत?”

“टाकल्या.”

“काय केल्या?”

“बेवारस होत्या. संध्याकाळी पाचपर्यंत वाट पाहिली, कोणी सही केली नाही. टाकल्या.”

“अहो, बेवारस कशा? मी इथेच बसलो होतो! बारा पावलांवर!”

“कागद लावला होता,” मेणकाका म्हणाले. “चहापाशी.”

कडीकोयंडा धावत चहाच्या मशीनपाशी गेला. भिंतीवर, त्याच्या स्वतःच्या यादीच्या शेजारी, वहीचा एक कागद होता. कालपासून त्या कागदासमोर उभं राहून त्याने सहा कप चहा प्यायला होता. अक्षर थोडं किरटं होतं, पण शाई लाल होती: ‘कवळ्या, नग चार, सगळ्या एकाच तोंडाच्या. आज संध्याकाळी पाचपर्यंत सही न केल्यास बेवारस समजून टाकण्यात येतील. सबब ऐकून घेतली जाणार नाही.’ खाली चार रिकाम्या ओळी आखलेल्या होत्या.

त्याचं माथं भडकलं. नऊ वर्षांत भडकलं नव्हतं एवढं भडकलं. तो तसाच मागे वळला. मेणकाका त्याच्यामागून सावकाश चालत आले होते आणि ताई हातात रिकामा कप घेऊन उभ्या होत्या.

“कागद लावला, कागद लावला! लावलात ना कागद, पण भिंतीवरचे कागद वाचत बसायला लोकांना दुसरे उद्योग नाहीत का? माणूस समोर बसलाय, धडधडीत दिसतोय, एकदा येऊन तोंडाने विचारायला काय झालं होतं?”

बोलून झाल्यावर ते त्याच्या कानांवर पडलं. ताई कपात काहीतरी शोधायला लागल्या. चहाच्या मशीनने एक थेंब गाळला.

मेणकाकांनी एप्रनच्या खिशातून एकेक करत चार डब्या काढल्या आणि मशीनच्या डोक्यावर ओळीने मांडल्या.

“दात कोणी टाकतं का, साहेब?” ते म्हणाले. “एवढं खोटं बोललो, माफ करा.”

मग त्यांनी कानामागचं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. कडीकोयंड्याने भिंतीला कागद दाबून धरला आणि चारही ओळींवर सह्या केल्या.